इंग्रजी 'रन' आणि आपलं धावणं, पळणं, चालणं

पाटीपुस्तक

सध्या शेतीपंपांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायचं काम करते आहे. काम रटाळ, पण त्यात एक क्रियापद दर दोन ओळींनी आडवं येतं. रन! पंप रन होतो, केबल भिंतीलगत रन करायची असते, सुरुवातीचं गढूळ पाणी रन होऊ द्यायचं असतं, मोटर ड्राय रन होऊ द्यायची नसते, आणि हमीची मुदतसुद्धा खरेदीच्या तारखेपासून रन होते. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, रन म्हणजे धावणे. या सगळ्यात धावतंय कोण?

मी लिहिलं: पंप चालतो, केबल भिंतीलगत न्यायची, पाणी वाहून जाऊ द्यायचं, हमी सुरू होते. 'धाव' कुठेच आलं नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. इंग्रज ज्याला धावायला लावतो त्याला आपण निवांत चालायला लावतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं, शाळा चालते, डोकं चालतं, सिनेमा चालतो, नोट चालते, खटला चालतो. 'आमचं दुकान धावतं' असं कोणी म्हणालं तर लोक खाली वाकून चाकं शोधतील.

याउलट आपण एखाद्या यंत्राला पळायला लावलं की काहीतरी बिनसलेलं असतं. रिक्षाचं मीटर पळतं म्हणजे आपला खिसा कापला जातोय. घड्याळ पळतं म्हणजे ते पुढे जातंय. इंग्रजी घड्याळ नुसतं रन झालं तर ते ठीक आहे, फास्ट रन झालं तर बिघडलं. मराठी घड्याळ पळालं की बिघडलंच, वेगळं सांगावं लागत नाही.

माझा अंदाज असा की धावणं आणि पळणं ही क्रियापदं मराठीत कितीही लांब गेली तरी त्यांची घाई सुटत नाही. मदतीला धावून येणं, अंगावर धावून जाणं, उच्च न्यायालयात धाव घेणं, देवाचा धावा करणं. प्रत्येक ठिकाणी कोणाला तरी धाप लागलेली आहे. इंग्रजी रनची धाप केव्हाच ओसरली, आता ते नुसतं 'चालू असणं' उरलंय.

तुमच्या कामाच्या ठिकाणी, गावात, घरात हे रन कसं वापरतात? शब्दशः आणि लाक्षणिक, दोन्ही सांगा. क्रिकेट शक्यतो शेवटी आणा, नाहीतर धागा तिकडेच वाहवत जाईल.

कोपऱ्यातली खुर्ची

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

झेडपीची बाई

पाटीपुस्तक, अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हे रन पोरांना फार लहानपणी भेटतं आणि चित्रासकट भेटतं. चित्रात एक मुलगा धावतोय. ते चित्र डोक्यात पक्कं बसतं. पाचवीत वाक्य येतं, 'ही रन्स अ शॉप.' एकाने अर्थ लिहिला, 'तो दुकानाकडे पळतो.' दुसऱ्याने लिहिलं, 'तो दुकान घेऊन पळाला.' दुसऱ्याला मी अर्धा गुण दिला, कारण दुकान हे कर्म आहे हे त्याला कळलं होतं.

उलट्या बाजूनेही तेच. 'माझं घड्याळ चालत नाही' याचं इंग्रजी हमखास 'माय वॉच इज नॉट वॉकिंग' असं येतं. पोरगं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मराठी घड्याळ खरंच चालतं.

आणि 'चालेल'चं काय करायचं? 'बाई, पेन्सिलीने लिहिलं तर चालेल?' यातल्या चालण्यात ना पाय आहेत ना गती, आहे ती नुसती परवानगी. मला वाटतं, इंग्रजांचं जसं रन तसं आपलं चालणं. सगळ्या अडल्यानडल्या अर्थांचा भार त्यावर.

लालडबा

रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त. आमच्याकडे रन हा शब्द पगारात येतो. गाडीवर काम करणारे ते रनिंग स्टाफ, म्हणजे लोको पायलट, गार्ड वगैरे. त्यांना किलोमीटरवर जो भत्ता मिळतो तो रनिंग अलाउन्स. आणि ड्यूटी संपवून परगावी पोचल्यावर आम्ही झोपायचो कुठे? रनिंग रूममध्ये! नवीन लग्न झालेल्या सहकाऱ्याने घरी फोनवर सांगितलं, 'रनिंग रूममध्ये आहे', तर पलीकडून प्रश्न आला, 'व्यायामशाळा आहे का तिथे?' सगळ्या रेल्वेत सगळ्यात कमी हालचाल असणारी जागा ती. पांघरूण डोक्यावर घेऊन माणसं ओळीने आडवी.

आता पाटीपुस्तकताईंच्या सिद्धांताला थोडा ब्रेक लावतो. आपल्याकडे गाडी धावते की हो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी 'धावली' असंच प्रत्येक पुस्तकात आहे. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर 'धावली'. आणि फलाटावर कोणीही ऐकलेलं वाक्य, 'लोकल पंधरा मिनिटे उशिराने धावत आहेत.' इथे कसली घाई?

पाटीपुस्तक

लालडबा काका, तुम्हीच उत्तर दिलंत. 'उशिराने धावत आहेत' हे ऐकून आपल्याला हसू येतं ते का? उशीर आणि धाव एकत्र नांदत नाहीत म्हणून. इंग्रजीत 'रनिंग लेट' ऐकून कोणी हसत नाही. ते वाक्य इंग्रजीवरून उचललेलं आहे आणि घोषणांत आणि बातम्यांतच राहिलंय. घरी कोण म्हणतं 'लोकल उशिराने धावतेय'? 'गाडी लेट आहे', संपलं.

पण पहिली गाडी 'धावली' यात मात्र मला उत्साह ऐकू येतो. लोक बघायला जमले असतील, ती खरंच धावलीच असेल त्यांच्या दृष्टीने.

मूळशोध

जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

जुन्या इंग्रजीत इथे दोन क्रियापदं होती. एक रिन्नन, स्वतः धावण्याचं आणि त्याचबरोबर वाहण्याचंही. दुसरं आर्नन, घोड्याला वगैरे धावायला लावण्याचं. आपल्या पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे यांच्यासारखी जोडी. पुढे काही शतकांत या दोघांचं एकच रन झालं. त्यामुळे आज इंग्रजीत 'तो धावतो' आणि 'तो दुकान चालवतो' यांत क्रियापदाचं रूप तसूभरही बदलत नाही. झेडपीच्या बाईंच्या पोराने दुकान पळवलं ते यामुळे. मराठीत 'व' आला की आपण सावध होतो, इंग्रजीत सावध व्हायला खूण उरलेली नाही.

दुसरी गोष्ट, वाहणं. जर्मनमध्ये या कुळातली दोन क्रियापदं अजून वेगळी राहिली आहेत: रेनेन म्हणजे जोरात धावणं आणि रिनेन म्हणजे झिरपणं, ओघळणं. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात आहेत. म्हणून नळ रन होतो, नाक रन होतं, कपड्याचा रंग रन होतो. इथे कोणाला पाय फुटलेले नाहीत, हे वाहण्याचं रन आहे. माझ्या मते यंत्र, धंदा, मुदत हे अर्थ समजून घ्यायचे तर धावणारा माणूस डोळ्यांपुढे आणू नका, ओढा आणा. अखंड, आपोआप, अडवलं नाही तर चालूच. पंप रन होतो तो असा.

पसारा किती वाढला याचा हिशेब ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, सुमारे ४३० अर्थ. सुधारणा सुरू झाल्यावर आधी 'मेक' पुढे गेलं, मग 'पुट', आणि २०११ मध्ये रनची नोंद पूर्ण झाली तेव्हा क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार त्या एका नोंदीवर सुमारे नऊ महिने बसून होते.

आता गंमत. लॅटिनमध्ये धावण्याला कुर्रेरे म्हणतात. त्यातून इंग्रजीत करंट, करन्सी, कोर्स, कर्सर, करिक्युलम हे सगळे आले. या शब्दांचे मराठी प्रतिशब्द बघा. करंट अकाउंट म्हणजे चालू खातं. करन्सी म्हणजे चलन. करिक्युलम म्हणजे अभ्यासक्रम, आणि 'क्रम्' या धातूचा अर्थ पाऊल टाकणे. तिकडे पैसा धावतो, इकडे चालतो. तिकडे पोरं अभ्यासात धावतात, इकडे एकेक पाऊल टाकतात. पाटीपुस्तक यांचं निरीक्षण फक्त बोलीपुरतं नाही.

अर्धाचहा

वाखु (वाचनखूण) साठवली. करिक्युलम आणि अभ्यासक्रम ही जोडी झकास.

वाकडा प्रश्न

सगळं छान, पण मला एक सांगा, यातलं लाक्षणिक नेमकं कुठे सुरू होतं? मूळशोध म्हणतात की वाहणं हा अर्थ पहिल्यापासून आहे. मग नाक रन होणं हे शब्दशः झालं. ओढाही शब्दशः. मग धंदा ओढ्यासारखा वाहतो हे लाक्षणिक, पण मग पंप कुठल्या खात्यात टाकायचा? त्यातून तर पाणी खरंच वाहतंय!

आपल्याकडे यावर जुनी चर्चा आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेची, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याची, दोन कारणं सांगितली, रूढी आणि प्रयोजन. रूढीचं त्याचं उदाहरण 'कुशल'. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत नीट तोडून आणणारा. हात न कापता ते आणायला हुशारी लागते, म्हणून कुशल म्हणजे हुशार. पण आज 'कुशल कारागीर' म्हणताना कोणाच्या डोळ्यापुढे गवत येतं? प्रयोजनाचं उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा'. वाडा काठावर असतो, पण 'गंगेवर' म्हटल्याने थंडावा आणि पावित्र्य सुचतं. इथे बोलणारा मुद्दाम तसं बोलतोय.

या मापाने 'रन अ शॉप' हे कुशलसारखं, गवत विसरलेलं. आपलं 'दुकान चालतं' तसंच. 'न्यायालयात धाव' मात्र अजून गवळीवाड्यासारखं आहे, त्यात पक्षकाराची घालमेल सुचते. निदान सुचायची. आता प्रत्येक बातमीत कोणीतरी न्यायालयात धाव घेतच असतं, मोठ्या कंपन्या सहा महिने विचार करून धाव घेतात. तेव्हा घाई सुटत नाही हा दावा मला पटत नाही. सुटायला लागली आहे, आपल्या डोळ्यांदेखत.

पाटीपुस्तक

'सहा महिने विचार करून धाव' यावर मी उत्तर शोधतेय. तोवर इतर लिहा.

वाळूसिमेंट

साइटवरचं रन. आमच्याकडे हा शब्द अजिबात हलत नाही. फर्निचरवाला विचारतो, 'रनिंग फुटाने देऊ की स्क्वेअर फुटाने?' रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी नाही. किचन ओटा, स्कर्टिंग, रेलिंग, कंपाउंडची भिंत, सगळं रनिंग फुटात किंवा रनिंग मीटरमध्ये. गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळे म्हणतात, इंग्रजीचा गंध नसलेलेही. मराठी प्रतिशब्द मी आजवर साइटवर ऐकलेला नाही.

इथेच घरमालक फसतात, म्हणून सांगून ठेवतो. रनिंग फुटाचा दर ऐकायला बरा वाटतो, पण कपाटाची उंची किती धरली आहे ते आधी ठरवून घ्या. नाहीतर चार फुटी आणि सात फुटी कपाटाला एकच दर लागायचा किंवा नंतर वाद.

दुसरं रनिंग बिल. सरकारी कामात आर. ए. बिल, म्हणजे रनिंग अकाउंट बिल. काम पूर्ण होण्याआधी जेवढं झालं तेवढ्याचं मोजमाप करून पैसे. पहिलं रनिंग, दुसरं रनिंग, मग फायनल. ठेकेदार म्हणतो, 'दुसरं रनिंग अडकलंय.' धावणारं अडकलंय!

आणि जुनी गाडी विकताना, 'रनिंग किती झालंय?' याला मराठीतही सरळ 'किती पळालीय?' म्हणतात. इथे पळण्यात घाई नाही हो ताई, नुसते किलोमीटर.

सुईमागचा दोरा

कोणी अजून धावदोरा म्हटलं नाही! इंग्रजीतला रनिंग स्टिच म्हणजे आपला धावदोरा. सुई कापडात खालीवर करत सरळ पुढे जायचं, मागे वळायचं नाही. बखयेत टाका मागे वळून येतो, म्हणून ती पक्की आणि वेळखाऊ. धावदोरा भराभर होतो. अख्खी गोधडी धावदोऱ्यावर उभी असते, जुन्या साड्यांचे थर एकमेकांना धरून ठेवायला. आजीच्या हातचा धावदोरा इतका सरळ असायचा की पट्टीने आखल्यासारखा.

पाटीपुस्तक, तुमच्या बाजूने घ्या हवं तर, वेग आहे यात.

शिवारातला

राम राम मंडळी. वाचत होतो गप्प, पण धाव हा शब्द निघाला म्हणून लिहितो.

आमच्याकडं बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला धाव म्हणत्यात. लोहार ती गोवऱ्यांच्या आरात लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा अन् वरनं पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक आवळून बसायचं. आता टायरच्या गाड्या आल्या, धाव बसवणारा लोहार हुडकायला लागतो.

दुसरी धाव विहिरीवरची. मोटंचे बैल ज्या उतारावरनं खाली जायचे ती धाव. बैल उतरले की मोट वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचं, मग बैल उलट्या पावलांनी वर. आमच्या विहिरीवर मोट नाही, पण ती जागा अजून धावच म्हणत्यात, तिथं आता मोटरीची पेटी बसवलीय. बैल काही तिथनं पळायचे नाहीत, भरलेली मोट ओढत दमानं जायचे. ताई, इथं घाई कुठनं आणणार?

आणि ते ड्राय रन. कोणत्याबी शेतकऱ्याला विचारा, तो म्हणणार 'मोटर कोरडी चालली'. विहिरीत पाणी खाली गेलं अन् मोटर चालू राहिली की आत गारवा राहत नाही, सील जातं, मग वाइंडिंग. तुमच्या पुस्तकात 'शुष्क परिचालन' असलं काही लिहू नका, पाया पडतो.

पाटीपुस्तक

दादा, आधीच्या भाषांतरात अगदी तेच होतं! 'शुष्क धावन' असाही एक नमुना सापडला. 'मोटर कोरडी चालवू नका' हेच जाईल.

चाकाची धाव आणि विहिरीची धाव यांवर मात्र मला अजून काही सुचत नाही. ही नामं आहेत, क्रियापद नाही, असा बचाव करता येईल. पण तो फार लंगडा आहे हे मलाही दिसतंय. वाकडा प्रश्न यांचे दात दिसायला लागले असतील.

वाकडा प्रश्न

दिसतायत.

काळाकोट

कोर्टाची बाजू. 'मुदत धावते' असं इंग्रजी कायद्यात खरंच आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ९ चा गाभाच तो: एकदा काळ धावायला लागला की नंतर उद्भवलेली कोणतीही अक्षमता त्याला थांबवत नाही. आम्ही पक्षकाराला मराठीत सांगतो, 'मुदत चालू झाली आहे.' पक्षकार म्हणतो, 'चालू आहे ना, मग बघू.' इथे मराठीचं चालणं माणसाला गाफील ठेवतं. 'मुदत पळायला लागली' म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. मी आता मुद्दाम पळायलाच लावतो.

शिक्षांचंही तसंच. दोन गुन्ह्यांत दोन शिक्षा झाल्या तर त्या एकत्र रन होणार की एकामागून एक, हा आरोपीच्या घरच्यांचा पहिला प्रश्न. मराठीत शिक्षा धावतही नाही आणि चालतही नाही. ती भोगायची असते. 'दोन्ही शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत' असं बातमीत येतं. इंग्रजीत शिक्षा आपोआप चालू राहणारी गोष्ट, मराठीत भोगणारा माणूस वाक्यात आलाच पाहिजे. मला मराठी जास्त प्रामाणिक वाटतं.

न्यायालयात धाव घेणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की बहुतेक जण मुदत संपायच्या आदल्या दिवशी येतात. तेव्हा धाव खरीच असते.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. इथे आल्यावर सगळ्यात आधी कानाला खटकलं ते निवडणुकीचं. अमेरिकेत माणूस निवडणुकीला रन करतो. ब्रिटनमध्ये तो उभा राहतो. आपणही उभेच राहतो, आणि मग लढतो. आमच्या गल्लीतली एक मराठी बाई शाळा मंडळासाठी रन करत होती. तिच्या आईने पुण्यातून विचारलं, 'उभी राहतेस का?' ही म्हणाली, 'हो, रन करतेय.' उभं राहून कसं धावणार हे आईला कोणी समजावलं नाही.

सिग्नलचं तर त्रांगडंच. लाल दिवा असताना गाडी पुढे काढली तर अमेरिकन म्हणतो, दिवा रन केला. आपल्याकडचं इंग्रजी म्हणतं, जंप केला. मराठीत आपण सिग्नल तोडतो. गुन्हा एकच, दंड वेगळे.

आणि 'रन इंटू समवन' म्हणजे अचानक भेट होणं. नवीन असताना ऑफिसात एकजण म्हणाला, काल मी तुझ्या बायकोत रन इंटू झालो. मी आधी गाडीला पोचा आला का ते विचारलं.

कोपऱ्यातली खुर्ची

चहा घेऊन आलो. दंडाचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं.

वाळूसिमेंट

कारभाराचं राहिलंच की. इंग्रजीत गावचा कारभार रन करतात. आपण कारभार हाकतो, संसाराचा गाडाही हाकतो. चालवणं म्हटलं की शांत वाटतं, हाकणं म्हटलं की हातात आसूड आणि पुढे न ऐकणारे बैल. साइट हाकायची असते, चालवायची नसते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

लेगस्लिप

आता क्रिकेट आणू का? 'शक्यतो शेवटी' म्हटलं होतं, मी बराच वेळ पॅड बांधून बसलोय.

शब्दशः आणि लाक्षणिक यांची सगळ्यात चांगली प्रयोगशाळा हीच. फलंदाज एकेरी धाव काढतो तेव्हा तो खरंच धावतो. चौकार मारला की चार धावा मिळतात आणि बहुतेक वेळा कोणीच नीट धावलेलं नसतं. वाइडची धाव तर उभ्या उभ्या मिळते. म्हणजे धाव हे आधी कृत्य होतं, नंतर नाणं झालं. ते नाणं आता चालतं, धावत नाही (मूळशोध, तुमच्या चलनाला टाळी).

मराठीने रन आउटचं जे केलं ते मला फार आवडतं. धावचीत! चीत हा कुस्तीतला शब्द, पाठ टेकली की चीत. तोच पायचीत आणि यष्टीचीत मध्ये. इंग्रजीत फलंदाज नुसता आउट होतो, म्हणजे बाहेर जातो. मराठीत त्याची पाठ मातीला लागते.

भारताच्या विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला गोलंदाजाच्या टोकाला धावचीत केलं आणि त्यावरून पुढे इंग्रजीत त्यांच्या आडनावाचंच क्रियापद झालं, तेही टोमणा म्हणून. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो प्रकार गैरखेळाच्या कलमातून काढून धावचीतच्या कलमात टाकला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. धावचं अनेकवचन धावा. देवाला हाक मारायचा तोही धावा. सहा चेंडूंत बारा हव्या असतात तेव्हा घरात दोन्ही धावा एकदम चालू असतात.

झेडपीची बाई

लेगस्लिप, शेवटचा परिच्छेद उद्या वर्गात वापरणार.

मांडवीपार

गोव्यातून थोडं अवांतर. कोंकणीत धावणं म्हणजे धांवप, ते तुमच्या जवळचं. पण पळोवप म्हणजे बघणं. 'पळय' म्हणजे बघ. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला बीचवर एकाने ओरडून सांगितलं, 'पळय, पळय!' आणि हा खरंच पळत सुटला. तो माणूस डॉल्फिन दाखवत होता.

दुकान आमच्याकडेही धावत नाही. 'दुकान चलयता', म्हणजे चालवतो. तेव्हा पाटीपुस्तकचा निम्मा सिद्धांत मांडवीच्या या बाजूलाही लागू.

पाटीपुस्तक

निम्माच असू दे. आतापर्यंतच्या पोस्टींवरून माझं म्हणणं जरा बदलून मांडते. 'चालणं' हे आपलं रन आहे यावर कोणाचा आक्षेप दिसत नाही. धावण्यातली घाई क्रियापदात टिकली आहे, नामात सैल झाली आहे: चाकाची धाव, विहिरीची धाव, क्रिकेटची धाव, कंपन्यांची न्यायालयातली धाव, चारही नामं. 'धावत गेला', 'धावून आला' म्हटलं की मात्र घाई परत येते. वाळूसिमेंट यांचं 'गाडी किती पळालीय' एवढंच क्रियापद आडवं जातं, त्याला मी तूर्त अपवाद म्हणते.

वाकडा प्रश्न

आणि 'उशिराने धावत आहेत'? ते क्रियापदच आहे. मध्य रेल्वे रोज तुमचा सिद्धांत मोडते.

लालडबा

मध्य रेल्वे बरंच काही मोडते, सिद्धांतांचं काय घेऊन बसलात.

हडसनकाठ

एक अडलंय. 'रन्स इन द फॅमिली' याला काय म्हणायचं? इथल्या मराठी शाळेच्या पत्रकात 'संगीत त्यांच्या कुटुंबात धावते' असं छापलंय, वाचवत नाही.

मूळशोध

संगीत असेल तर 'घराण्यातच आहे' किंवा 'रक्तातच आहे'. इथेही मूळ चित्र वाहण्याचं, म्हणून रक्त चपखल बसतं. दोष असेल तर 'खाण तशी माती'. रोग असेल तर आनुवंशिक.

झेडपीची बाई

आनुवंशिक कागदावर. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, 'घरात कोणाला शुगर आहे का?' तेवढ्यात काम होतं.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या घरात आळस आहे. धावत वगैरे नाही, ऐसपैस बसून आहे.